चौकट आणि समास

घरात बसून चित्रपट पाहणारा माणूस आणि चित्रपटगृहात जाऊन तो पाहणारा माणूस एकच असला, तरी त्याच्या अपेक्षा दोन्हीकडे सारख्या नसतात. चित्रपटगृहात तो पाहुणा असतो. पडदा केवढा असावा, त्याच्या दोन्ही अंगांचे मखमली पडदे कुठवर सरकावेत, दिवे केव्हा मालवावेत, हे दुसरा कोणी ठरवतो आणि त्याला त्यात वावगे वाटत नाही. घरी मात्र तो यजमान असतो. दूरचित्रवाणी संच त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेला असतो, इंचांवर मोजून घेतलेला असतो, आणि त्यातल्या प्रत्येक इंचावर आपला हक्क आहे अशी त्याची समजूत असते. म्हणूनच एखादा चित्रपट सुरू होतो आणि चित्राच्या वर व खाली काळे पट्टे दिसू लागतात, किंवा जुना चित्रपट लावावा तर डाव्या-उजव्या अंगांना काळे स्तंभ उभे राहतात, तेव्हा त्याच्या मनात येणारा पहिला प्रश्न कलेचा नसतो, हिशेबाचा असतो. उरलेला पडदा गेला कुठे?

या प्रश्नाची घराघरांत दोन उत्तरे दिली जातात. एक पक्ष म्हणतो, पडदा भरला पाहिजे. त्यासाठी चित्राच्या कडा गेल्या तर जाऊ द्याव्यात, किंवा चित्र थोडे ताणून घ्यावे. दुसरा पक्ष म्हणतो, चित्र पुरे दिसले पाहिजे. त्यासाठी पडद्याचा काही भाग काळा राहिला तर राहू द्यावा. पहिल्याला रिकामी जागा सोसत नाही, दुसऱ्याला तुटलेले चित्र सोसत नाही. वाद क्षुल्लक वाटतो, आणि रिमोटची एक कळ दाबली की तो मिटतोही. परंतु ती कळ दाबताना काय राखले जाते आणि काय टाकून दिले जाते याचा विचार करू लागले, की या लहानशा वादामागे मोठा इतिहास उभा असलेला दिसतो. आणि त्या इतिहासात कोणाचे तरी काहीतरी नेहमीच गमावले गेलेले आहे.

चित्रपटाची चौकट कोणत्याही सौंदर्यशास्त्राने ठरवलेली नाही. ती ठरली फितीच्या रुंदीवरून. एडिसन यांच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी १८९० च्या आसपासच्या वर्षांत ३५ मिलिमीटर रुंदीची फीत घेतली, तिच्या दोन्ही कडांना छिद्रे पाडली, आणि प्रत्येक चित्राला उंचीत चार छिद्रांची जागा दिली. त्यातून जे चित्र तयार झाले ते सुमारे एक इंच रुंद आणि पाऊण इंच उंच होते. रुंदीचे चार भाग, उंचीचे तीन. एवढ्या साध्या कारणाने पुढची सुमारे साठ वर्षे जगभरचे बहुतेक चित्रपट ४:३ या आकारात किंवा त्याच्या अगदी जवळ राहिले. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला, तोही याच खिडकीतून प्रेक्षकांना दिसला.

जुन्या पोथ्या लांबट का असतात, या प्रश्नाचे उत्तरही असेच आहे. ताडपत्र लांब आणि अरुंद होते, म्हणून पोथी लांब आणि अरुंद झाली. पुढे कागद आला. कागदाला तसे बंधन नव्हते. तरी पोथीने आपला आकार सोडला नाही, कारण तोवर वाचणाऱ्याच्या हाताला आणि डोळ्याला तोच आकार ग्रंथाचा आकार वाटू लागला होता. साधनाने घातलेली मर्यादा आधी सवय होते आणि मग रूप होऊन बसते. चित्रपटाच्या बाबतीत हेच घडले. बोलपट आल्यावर फितीच्या एका कडेला ध्वनीसाठी जागा द्यावी लागली आणि चित्र जवळजवळ चौरस होऊ लागले, तेव्हा हॉलिवुडच्या चित्रपट अकादमीने १९३२ मध्ये १.३७:१ हे प्रमाण मुक्रर केले. म्हणजे उंचीही थोडी छाटली, पण जुना आकार बहुतांशी परत आणला. त्याच सुमारास, १९३० मध्ये, हॉलिवुडमध्ये आलेल्या सर्गेई आयझेन्स्टाइन यांनी पडदा चौरस असावा असा आग्रह धरला होता. आडव्याच्या सोसापायी उभे जग पडद्यावरून हद्दपार होत आहे, ही त्यांची तक्रार होती. चौरसात आडवी रचनाही बसते आणि उभीही. त्यांचे म्हणणे कोणी मानले नाही; पण उभ्या जगाविषयीची त्यांची चिंता पुढे निराळ्याच रूपाने खरी ठरायची होती.

१९३६ चा 'संत तुकाराम' याच जवळजवळ चौरस चौकटीतला चित्रपट आहे. दामले आणि फत्तेलाल यांनी तो प्रभात फिल्म कंपनीसाठी दिग्दर्शित केला, आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे सर्वश्रुत आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम ज्या साधेपणाने उभा राहतो, त्या उभे राहण्याला ही चौकट मानवते. या चौकटीत माणूस डोक्यापासून पायांपर्यंत मावतो आणि तरीही त्याच्या डोक्यावर थोडे आकाश उरते. शेवटी तुकाराम वैकुंठाला निघतात तेव्हा विमान वर जाते. आणि वर जाण्यासाठी चौकटीत 'वर' शिल्लक असावे लागते. भक्तीच्या गोष्टीला उंचीची गरज असते. ती गरज फितीच्या चार छिद्रांनी नकळत भागवली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

दूरचित्रवाणी आली तेव्हा तिनेही चित्रपटाचाच आकार उचलला. काचेच्या नळीचा पडदा ४:३ झाला. काही वर्षे घराची चौकट आणि चित्रपटगृहाची चौकट एकमेकींशी जुळलेल्या होत्या, आणि आज चाललेला वाद त्या काळात उद्भवण्याचे कारणच नव्हते. परंतु अमेरिकेत घरोघरी संच आले, चित्रपटगृहे ओस पडू लागली, आणि घरात मिळणार नाही असे काहीतरी दाखवणे चित्रपटाच्या व्यवसायाला भाग पडले. १९५२ मध्ये सिनेरामाचा तीन प्रक्षेपकांनी उजळणारा वक्र पडदा न्यूयॉर्कमध्ये उघडला. १९५३ मध्ये 'द रोब' या चित्रपटाबरोबर सिनेमास्कोप आले. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी क्रेतियँ यांनी १९२० च्या दशकात तयार केलेले भिंग त्यामागे होते. ते चित्रीकरणाच्या वेळी दृश्य आडवे दाबून फितीवर बसवी, आणि प्रक्षेपणाच्या वेळी दुसरे भिंग ते पुन्हा उलगडून दुप्पट रुंद करी. उंचीच्या सव्वादोन-अडीच पट रुंद असा हा नवा पडदा घरातल्या पेटीला मुद्दाम दिलेले उत्तर होता. पुढे हेच चित्रपट त्या पेटीत यायचे होते, यातला विरोधाभास त्या काळात कोणाच्या ध्यानात आला नसावा.

भारतात हा विरोधाभास एकाच वर्षात एकत्र आला. १९५९ साली गुरू दत्त यांचा 'कागज के फूल' हा पहिला भारतीय सिनेमास्कोप चित्रपट प्रदर्शित झाला. आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरला दिल्लीत दूरदर्शनचे पहिले प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. एका बाजूला देशातला सर्वांत रुंद पडदा आणि दुसऱ्या बाजूला सर्वांत लहान. चित्रपट चालला नाही. त्यानंतर गुरू दत्त यांनी दिग्दर्शक म्हणून कोणत्याही चित्रपटाला आपले नाव दिले नाही. पण त्यातले एक गीत ज्याने पाहिले आहे तो ते विसरू शकत नाही. कैफी आझमी यांचे शब्द, सचिनदेव बर्मन यांचे संगीत, गीता दत्त यांचा आवाज. रिकामा स्टुडिओ, वरून तिरका उतरणारा प्रकाशाचा झोत, आणि त्या झोताच्या अलीकडे-पलीकडे उभी असलेली दोन माणसे. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी तो प्रकाश जणू खांबासारखा उभा केला आहे. त्या दोघांच्या छायारूपांना एकमेकांकडे जाता येते, देहांना येत नाही. या दृश्यात महत्त्वाचे पात्र दोघांपैकी कोणतेही नाही. त्यांच्यामधले अंतर हे महत्त्वाचे पात्र आहे. सिनेमास्कोपचा रुंद पडदा लढायांसाठी आणि रथांच्या शर्यतींसाठी आहे, असे सर्वत्र मानले जात असताना गुरू दत्त आणि मूर्ती यांनी तो दोन माणसांमधला दुरावा मोजण्यासाठी वापरला.

हे दृश्य ४:३ च्या संचावर दाखवायचे झाले तर काय करायचे? येथे थोडे अंकगणित उपयोगी पडते. २.३५:१ चे चित्र १.३३:१ च्या पडद्यावर पूर्ण भरायचे असेल, तर चित्राचा सुमारे ४३ टक्के भाग बाहेर टाकावा लागतो. उलट चित्र पुरे दाखवायचे असेल, तर पडद्याचा सुमारे ४३ टक्के भाग काळा ठेवावा लागतो. दोन्हीकडे आकडा तोच आहे. तोटा टाळता येत नाही. तो कोणी सोसायचा एवढेच ठरवता येते. चित्राने सोसायचा की पडद्याने, म्हणजेच चित्र करणाऱ्याने की ते पाहणाऱ्याने, हा या वादाचा गाभा आहे.

कित्येक वर्षे तो चित्राने सोसला. दूरचित्रवाणीसाठी आणि कॅसेटसाठी प्रत तयार करणारा तंत्रज्ञ रुंद चित्रावर एक अरुंद खिडकी ठेवी आणि दृश्य पुढे सरकेल तशी ती खिडकी डावीकडे-उजवीकडे हलवी. दोन माणसे बोलत असतील तर आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे. त्यामुळे दिग्दर्शकाने जिथे कॅमेरा स्थिर ठेवला होता तिथे तो फिरल्याचा भास होई, आणि जे दृश्य अखंड होते ते दोन तुकड्यांत दिसे. या छाटणीला एक नियम होता, आणि तो वरवर पाहता अगदी समंजस होता: जो बोलतो आहे त्याला दाखवावे. पण त्यामुळे जो ऐकतो आहे तो गेला. कडेला उभा राहून काहीच न बोलणारा, दारातून पाहणारा, मान खाली घालून बसलेला माणूस गेला. दोन माणसांमधली रिकामी जागा तर सर्वांत आधी गेली, कारण तिच्यात काहीच नाही असे छाटणाऱ्याला वाटले. छाटणी नेहमी बोलणाऱ्याच्या बाजूने न्याय देते. आणि चित्रपटातले पुष्कळसे दुःख ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असते.

याविरुद्ध काही दिग्दर्शकांनी आवाज उठवला. वुडी ॲलन यांनी आपला 'मॅनहॅटन' हा १९७९ चा चित्रपट घरगुती कॅसेटवर पट्ट्यांसह, पूर्ण चौकटीतच यावा असा हट्ट धरला आणि तो पुरा करून घेतला. सिडनी पोलॅक यांनी आपला १९७५ चा 'थ्री डेज ऑफ द कॉन्डॉर' छाटून दाखवल्याबद्दल डेन्मार्कच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीविरुद्ध दावा लावला. तेथील न्यायालयाने १९९७ मध्ये अशी छाटणी म्हणजे कलाकृतीचे विद्रूपीकरण असल्याचे मान्य केले, परंतु तांत्रिक मुद्द्यावर निकाल पोलॅक यांच्या विरुद्ध गेला. चित्राची कड हा कलावंताच्या हक्काचा भाग आहे, ही गोष्ट मात्र न्यायालयाच्या भाषेत नोंदली गेली.

इथवर पाहिले की सारा न्याय पट्ट्यांच्या बाजूला आहे, असे वाटू लागते. पण पडदा भरून मागणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे, आणि ती आपल्याकडच्या घरात जाऊन ऐकली पाहिजे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. शनिवारचा मराठी चित्रपट आणि रविवारचा हिंदी चित्रपट पाहायला ज्याच्याकडे संच असेल त्याच्या घरी आळी लोटत असे. सतरंजीवर मुले, खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी, खिडकीच्या गजांना धरून उरलेली. २० इंचांचा संच म्हणजे त्या काळातला मोठा संच. त्याचा पडदा १६ इंच रुंद आणि १२ इंच उंच. त्यावर सिनेमास्कोप चित्र पुरे दाखवले तर त्याची उंची पावणेसात इंचांच्या आसपास उरते. मागे भिंतीला टेकून बसलेल्या, मोतीबिंदू झालेल्या आजीला त्यात माणसाचा चेहरा दिसणार तो केवढा? तिला चौकटीची अखंडता नको होती. नायिका रडते आहे की हसते आहे, एवढे कळायला हवे होते. ज्या घरात चित्रपट ही आठवड्यातून एकदा येणारी गोष्ट होती, तिथे भरलेल्या पडद्याची मागणी अरसिकपणाची नव्हती. ती अंतरावरून पाहणाऱ्यांची मागणी होती. दुराव्याचे चित्र पुरे दाखवले की जवळचा चेहरा हरवतो, आणि चेहरा जवळ आणला की दुरावा हरवतो. लहान संचाला दोन्ही गोष्टी देता येत नव्हत्या.

शिवाय 'पुरे चित्र' कोणते, हेही नेहमी सांगता येत नाही. कितीतरी चित्रपट फितीवर ४:३ मध्येच चित्रित होत आणि चित्रपटगृहात त्यांचा वरचा-खालचा भाग झाकून ते रुंद दाखवले जात. असा चित्रपट घरी ४:३ मध्ये आला, तर प्रेक्षकाला कमी नव्हे, उलट अधिक दिसते; कधी कधी वरून लोंबणारा मायक्रोफोनही दिसतो, जो कोणाला दिसावा अशी इच्छा नव्हती. स्टॅन्ली कुब्रिक यांनी 'द शायनिंग' सारखे चित्रपट चित्रपटगृहासाठी १.८५:१ मध्ये रचले, पण वरचा-खालचा भागही जपून चित्रित केला, आणि घरगुती प्रतींसाठी त्यांनी स्वतःच ४:३ पसंत केले. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे घरातले संच रुंद झाले आणि २००७ पासूनच्या प्रतींनी रुंद चौकट स्वीकारली. मग खरी चौकट कोणती? आपला 'शोले' हेही असेच उदाहरण आहे. १९७५ चा हा चित्रपट ३५ मिलिमीटर फितीवर चित्रित झाला आणि त्याचे ४:३ चे चित्र नंतर ७० मिलिमीटरच्या २.२:१ या चौकटीत बसवले गेले. घरी ४:३ ची प्रत पाहणाऱ्याला रामगढचे आकाश आणि खडक थोडे जास्तच मिळाले. पण जास्त मिळाले म्हणजे चित्रपट मिळाला असे होत नाही. मिनर्व्हा चित्रपटगृहात वर्षानुवर्षे लोकांनी जो 'शोले' पाहिला, तो ज्या चौकटीसाठी कल्पिलेला होता, त्याच चौकटीत फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या पुढाकाराने पुनरुज्जीवित झालेला 'शोले' २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला गेला. चौकट म्हणजे जे दिसते त्याची बेरीज नव्हे. काय दिसू नये याचा निर्णयही चौकटीतच असतो.

१९८४ च्या सुमारास अमेरिकेतले अभियंते केर्न्स पॉवर्स यांनी या भांडणावर एक तोड काढली. प्रचलित सर्व आकारांचे समान क्षेत्रफळाचे आयत एकमेकांवर मांडून सर्वांना सारखा न्याय देणारा आकार त्यांनी शोधला. तो १६:९ होता. यातले गणित सुंदर आहे. ४:३ या गुणोत्तराला त्याच गुणोत्तराने गुणले की १६:९ येते. आणखी एकदा गुणले की २.३७ येते, म्हणजे जवळजवळ सिनेमास्कोप. नवा आकार दोन टोकांच्या बरोबर मध्ये उभा आहे. जुने ४:३ चित्र त्यात ठेवले तर पडद्याचा एक चतुर्थांश भाग कडांना काळा राहतो. सिनेमास्कोप ठेवले तर जवळपास तेवढाच भाग वर-खाली काळा राहतो. पुढे जगभर हाच आकार रूढ झाला आणि आज घराघरांच्या भिंतींवर तोच लटकतो आहे. तंटा मिटवणाऱ्या पंचाने दोन्ही पक्षांना सारखाच दंड करावा, तसा हा निवाडा आहे. तो न्याय्य आहे. पण त्यामुळे पट्टे गेले नाहीत. ते आता सर्वांच्याच वाट्याला आले आहेत.

आणि म्हणून आता पारडे फिरले आहे. ज्या संचाने एके काळी सिनेमास्कोपचे बाहू तोडले, त्याची जागा घेणारा नवा संच आता जुन्या चित्रपटांचे मस्तक आणि पाय मागू लागला आहे. ४:३ चे चित्र १६:९ भरून दाखवायचे तर उंचीचा एक चतुर्थांश भाग जातो. दोन्हीकडून सारखे छाटले तर वरचा एक अष्टमांश, खालचा एक अष्टमांश. 'द सिम्पसन्स' ही १९८९ पासूनची अमेरिकन व्यंगचित्र मालिका २०१९ मध्ये एका नव्या वाहिनीवर अशी छाटून आली, तेव्हा तिच्यातले काही विनोदच नाहीसे झाले. एका प्रसंगात मद्याचे तीन वेगवेगळे प्रकार म्हणून विकली जाणारी पेये वरच्या एकाच नळातून तीन पिंपांत पडत असतात. वरची कड गेली, नळ गेला, आणि विनोदाच्या जागी नुसती तीन पिंपे उरली. प्रेक्षकांनी ओरड केली आणि २०२० मध्ये मूळ आकार परत मिळाला. विनोद गेला तर लोक ओरडतात, कारण हसू आले नाही हे लगेच कळते. गांभीर्य गेले तर कळत नाही. विठ्ठलाची पूर्णाकृती मूर्ती असलेले जुने चित्र असेच भरून दाखवले, तर एक तर मुकुट जाईल किंवा वीट जाईल. आणि विटेशिवायचा विठ्ठल पाहूनही कोणी तक्रार करणार नाही, कारण जे नाही ते होते, हे ज्याने मूळ पाहिले त्यालाच ठाऊक असणार.

छाटण्याहूनही वाईट प्रकार ताणण्याचा. ४:३ चे चित्र १६:९ च्या पडद्यावर आडवे ओढले की सर्व काही एक तृतीयांशाने रुंद होते. चाक लंबगोल होते, चंद्र चपटा होतो, कृश माणूस अंगाने भरतो. आयुष्यभर उपाशी राहिलेला संत पडद्यावर सुखवस्तू दिसू लागतो. छाटलेल्या चित्रात काही भाग तरी खरा उरतो; ताणलेल्या चित्रात एकही वस्तू खरी उरत नाही. तरीही कितीतरी घरांत संच त्याच अवस्थेत वर्षानुवर्षे चालतो, आणि डोळा त्यालाही सरावतो. 'आजोबा, माणसं जाड दिसतायत, मी मूळ आकार लावू का?' असे नातीने विचारावे, आणि 'मग एवढा मोठा टीव्ही कशाला घेतला गं?' असे आजोबांनी म्हणावे, हा संवाद आता कोणत्याही घरात ऐकू येण्याजोगा आहे. यात गंमत अशी, की ज्या चित्रपटांवर आजोबांचे तारुण्य पोसले, त्यांचा आकार नात सांभाळू पाहते आहे. तिने ते चित्रपट प्रथमच पाहिले आहेत. सवयीचे ऋण तिच्यावर नाही. आजोबांना मात्र रिकामी जागा दिसली की हरवलेले काहीतरी दिसते. दोघेही आपापल्या परीने तोटा मोजत आहेत.

अलीकडचे दिग्दर्शक या तोट्याचाच उपयोग करू लागले आहेत. वेस अँडरसन यांच्या २०१४ च्या 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल' मध्ये तीन काळांसाठी तीन आकार आहेत. १९३० च्या दशकातली गोष्ट त्या काळच्या १.३७:१ मध्येच सांगितली जाते. त्याच वर्षी झाव्हिए दोलाँ यांनी 'मॉमी' चा बराचसा भाग चौरस चौकटीत ठेवला, आणि आयझेन्स्टाइन यांच्या हट्टाला आठ दशकांनंतर जणू एक उत्तर मिळाले. अशा चित्रपटांत काळा भाग हा उरलेला भाग नसतो, बोलणारा भाग असतो. हे चित्रपट पडदा भरून पाहण्याचा आग्रह धरला तर त्यांची गोष्टच कळणार नाही.

मराठी वाचकाला खरे म्हणजे ही गोष्ट नवी वाटू नये. पुस्तकाच्या पानावर चारी बाजूंनी समास सोडलेला असतो. कागदाचे पैसे मोजले आहेत, तेव्हा कोऱ्या जागेतही अक्षरे छापा, असे कोणी म्हणत नाही. समासामुळे ओळ वाचता येते आणि पान धरायला अंगठ्याला जागा मिळते. ओवीचा चौथा चरण आखूड असतो. पहिल्या तीन चरणांच्या मापात तो बसावा म्हणून त्यात कोणी शब्द भरत नाही, आणि अक्षरे ताणून तो लांबवतही नाही. त्या आखूडपणानंतर जी जागा रिकामी राहते, तिच्यात मागच्या तीन चरणांचा अर्थ पोहोचायला अवकाश मिळतो. पोथीचा ग्रंथ झाला तेव्हा पानाचा आकार पार बदलला, पण पानात बसत नाहीत म्हणून ओळींची टोके कोणी कापली नाहीत. ओळ मोडून खाली घेता येते, ही शब्दाची सोय चित्राला नाही. चित्र एक तर पुरे असते किंवा नसते.

तेव्हा पसंतीचा प्रश्न उरतो तो घरापुरताच उरतो, आणि घरात तो हुकमाने सोडवण्याचे कारण नाही. आजीचा संच लहान होता तेव्हा भरलेला पडदा ही तिची गरज होती. आज संच मोठे झाले, खोलीत माणसे कमी झाली, आणि ती गरज बहुतेक घरांत उरलेली नाही. मागे राहिली आहे ती केवळ सवय. सवयीला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु जेव्हा पडदा भरतो तेव्हा तो कशाने भरला आणि त्यासाठी बाहेर कोण गेले, एवढे तरी पाहणाऱ्याला ठाऊक असावे. शनिवारच्या त्या चित्रपटांना आळी जमत असे तेव्हा घरातली बाई बहुधा बसत नसे. हातातले काम न सोडता, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून, एक खांदा चौकटीला टेकवून ती पाहत असे. त्या वेळी कोणी खोलीचे छायाचित्र काढले असते आणि ते नीटनेटके दिसावे म्हणून कडा छाटल्या असत्या, तर सर्वांत आधी तीच गेली असती. छायाचित्र भरलेले दिसले असते, आणि पाहणाऱ्याला काही कमी आहे असे वाटलेही नसते.